ओटीतलं पील

धुळे,
१८ डिसेंबर २०२४

चि. सौ. नूतन आणि बचत गटातल्या बठ्ठ्या बायांनो,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नूतन, हे पत्र शुक्रवारच्या बैठकीत मोठ्याने वाच. तुझा आवाज बारीक आहे, तेव्हा उभं राहून वाच.

केळीच्या बागेत जन्म काढणाऱ्या माझ्या बायांनो, तुमचं आणि माझं एक जुनं दुखणं आहे. आपल्याला कुणी कुठे नेत नाही. आपल्या गावचे पुरुष केळी बघायला तामिळनाडूत गेले, कर्नाटकात गेले, दोघे तर विमानाने परदेशी जाऊन आले आणि तिथल्या ठिबकच्या गप्पा वर्षभर पारावर सांगत बसले. आणि त्या बागेत खत टाकायला, वाळली पानं कापायला, घडावर पिशवी चढवायला हात कुणाचे? आपले. अभ्यास दौरा त्यांचा आणि कंबरदुखी आपली, ही वाटणी कुणी केली? कुठल्याही बैठकीत मी तिच्या बाजूने हात वर केल्याचं मला तर आठवत नाही.

आता नूतनचा मुलगा तेजस तुम्हा सहाजणींची अंदमानातल्या त्या लहानशा बेटाची तिकिटं काढायला तयार झाला, तर म्हणे तुम्हीच मागे सरू लागलात. बेबाबाईने विचारलं म्हणे, की चारी बाजूंनी पाणी, मग पूर आला तर चढायचं कशावर. बेबाबाई, तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी तापीला पूर होता आणि तू गुडघाभर पाण्यातून वरात आणलीस. तुला समुद्राने घाबरावं, तू कशाला घाबरतेस? हितेंद्र म्हणतो, त्यापेक्षा देवदर्शनाला जा. तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याला मी कडेवर खेळवलं आहे. त्याचं मी बघते.

मी सगळ्यांत पुढे निघाले असते, पण माझे कान गेले आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. फोनवर मला काही ऐकू येत नाही. म्हणून तिथून पत्रच लिहा. तसाही घरातला फोन मुलांच्या हातात असतो, पत्र तरी आपल्या हातात राहतं.

जा. घाबरत घाबरत जा, पण जा. जीव लावता तसा लावत राहा.

तुमची,
कुंदाअक्का


बेटावरून,
२३ जानेवारी २०२५

ती. कुंदाअक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सहाहीजणी सुखरूप आहोत. बोटीत बेबाबाईने सगळ्या देवांची नावं घेतली, देव संपल्यावर रावेरच्या केळी व्यापाऱ्यांची घेतली. पाणी असं निळं आहे की बघून खोटं वाटतं. सुरुवातीचे दोन दिवस आम्ही वाळूत पोरींसारख्या बसलो. कुणी चहा मागितला नाही, कुणी डबा मागितला नाही. अक्का, तुमचे उपकार आहेत.

तरी मला इथे भीती वाटते, आणि ती पाण्याची नाही.

आम्ही शेफाली नावाच्या बाईकडे उतरलो आहोत. तिच्या आजा-आजीला बंगालमधून इथे आणून वसवलं होतं. हिंदी तिची आणि आमची सारखीच मोडकी, त्यामुळे जमतं छान. घरामागे तिची केळीची बाग आहे. बाकीच्या जणी समुद्राचे फोटो काढत होत्या, मी आपली केळीत गेले. वारा इतका होता की डोक्यावर पदर ठरत नव्हता. आणि बाग गप्प होती. तुम्हाला माहीत आहे ना, आपल्याकडे वाऱ्याची झुळूक आली तरी बाग कशी फडफडते, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. केळीची बाग वाऱ्यात गप्प कशी बसेल?

मग वर पाहिलं. खालची पानं पिवळी पडून देठात मोडली होती आणि खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबत होती. शेंड्याला एखाददुसरं पान उभं. मला वाटलं खारा वारा बाधला असेल. शेफालीने कोयत्याने एक खोड आडवं कापून दाखवलं. आत काळपट तांबडी कडी होती, एकात एक. वासही वेगळा. तीन वर्षं झाली, एकेक करत जातंय, असं ती म्हणाली. शेजारणीच्या मोकळ्या अंगणाकडे तिने नुसतं बोट दाखवलं. तिथेही बागच होती म्हणे. मला तिथे उभं राहवेना. चपलांचा चिखल झटकत मी परत आले, आणि तेव्हापासून हे बेट मला शांत वाटत नाही, मुकं वाटतं.

आपल्या सुनेला, भाविकाला, पाचवा महिना लागला आहे. तुम्हीही चिठ्ठी टाकून तिची विचारपूस करा, तिला तुमचं अक्षर आवडतं. आम्ही उद्या निघू. शेफालीने आम्हाला आईसारखं खाऊ घातलं, तिची ओटी भरायला मी खण आणि नारळ गावाहूनच आणला आहे. नारळाच्या बेटावर रावेरचा नारळ घेऊन आले म्हणून बेबाबाई अजून हसते आहे.

हे पत्र बोटीच्या टपालात देते. बहुतेक ते माझ्या मागून पोहोचेल. माया आहे ती उणी होऊ देऊ नका.

आपली,
नूतन


धुळे,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नूतनला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तू घरी पोहोचून बरेच दिवस झाल्यावर आलं. नारळावर मी एकटीच मोठ्याने हसले, शेजारची रुपली धावत बघायला आली. मग पत्र पुन्हा वाचलं, आणि बागेच्या मजकुरापाशी माझं हसू गेलं.

माझा जुना विद्यार्थी हिलाल इथे कृषी महाविद्यालयात शिकवतो. त्याला तेवढा भाग वाचायला दिला. त्याने वाचला, चष्मा काढला, आणि पाटीवर लिहून मला पहिला प्रश्न विचारला तो तुझ्या चपलांचा. त्या कुठे आहेत?

त्याने सांगितलं ते तुला समजेल अशा शब्दांत लिहिते. याला मर म्हणतात. ही बुरशी मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि झाड आतून मारते. फवारणी नाही, औषध नाही. एकदा जमिनीत शिरली की पिढी उलटेपर्यंत तिथे केळी लावता येत नाही. ती चपलेच्या चिखलातून येते, कोयत्यावरून येते, पाटाच्या पाण्यातून पुढच्या शेतात जाते. आणि सगळ्यांत सोपी वाट म्हणजे लावणीचं बेणं. नूतन, आपल्या तालुक्यात या शिवेपासून त्या शिवेपर्यंत एकाच जातीची केळी आहे. जे एकीला मारेल ते सगळ्यांना मारेल. गावातल्या पोरींची लग्नं, पोरांच्या फिया, मजुरांची चूल, सगळं त्या एका झाडाला टांगलेलं आहे. तू बघितलेलं बेट उद्या आपल्या बांधावर उभं राहू शकतं. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही मला.

सहाहीजणींच्या चपला आजच्या आज जाळा. पिशव्या उकळत्या पाण्यातून काढा. आणि हो, हिलालने मला दोनदा विचारलं, की तिकडून केळीचं काही आणलं तर नाही ना. मी त्याला छातीठोकपणे सांगितलं, की माझी भावजय केळीवाल्यांच्या घरची आहे, तिच्या हातून असं होणार नाही.

उलट टपाली लिही. तुझी काळजी करणारी,

कुंदाअक्का


खालचा मळा, ता. रावेर,
२० मार्च २०२५

ती. कुंदाअक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

चपला त्याच दिवशी जाळल्या. बेबाबाईच्या नव्या होत्या, ती चुलीसमोर बसून आपलं माणूस गेल्यासारखी बघत होती. हे तुम्हाला लगेच कळवायला हवं होतं. पण मग पुढचंही लिहावं लागलं असतं. तुमच्या ‘छातीठोक’ शब्दाने माझी झोप नेली आहे, अक्का.

निघताना मी शेफालीची ओटी भरली. तिला आपली रीत ठाऊक नाही. तिला वाटलं, दोघींनी एकमेकींना द्यायचं असतं. खाणाखुणा करून तिने मला पदर पसरायला लावलं, पळत मागे गेली आणि केळीचं एक पील, बुडाला फुटलेलं पिल्लू, मातीसकट आणून माझ्या पदरात घातलं. तिच्या बागेत बुडाची तेवढी पिलंच काय ती हिरवीगार होती. इथे हे वाचायचं नाही, तुमच्याकडे जगू द्या, असं ती म्हणाली आणि रडली. ओटीत पडलेल्याला नाही कसं म्हणायचं? तेही घरात सून पोटुशी असताना? मी माती धुऊन काढली, ओल्या लुगड्यात गुंडाळलं. विमानतळावर विचारलं तेव्हा मी पूजेचं आहे म्हणाले. तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही.

तुमचं पत्र यायच्या आधीच ते लावून झालं होतं. कुठे, तेही लिहिते. विहिरीजवळच्या हौदाच्या तोंडाशी. मामंजी, आपले उखर्डू नाना, दर बागेचं पहिलं पील तिथेच लावत, म्हणून. सगळ्या मळ्याचं पाणी तिथूनच निघतं.

जोमाने वाढलं. भाविका रोज त्याला तांब्याभर पाणी घालते, ‘बेटावरची मावशी’ म्हणते. तेजसने स्वतंत्र नळी दिली. मी रोज मनात म्हणायची, हिरवं आहे तोवर काही नाही. पण आठवड्यापूर्वी खालच्या पानाची कड पिवळी झाली, हळदीचं बोट फिरवल्यासारखी. मग दुसऱ्या पानाची. तुमचे भाऊ म्हणाले पालाशचं खत कमी पडलं. त्यांना कुठून आणलं ते माहीत नाही, मी बाजारातून म्हणाले होते. काल दुपारी जोराचा वारा सुटला. सगळी बाग फडफडत होती. मी त्याच्याजवळ कान लावून उभी राहिले. अक्का, ते पान लोंबत होतं. आवाज करत नव्हतं.

काय करू ते सांगा, पण जाळ म्हणू नका. भाविकाला सातवा आहे. मागच्या खेपेला सातव्यातच काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे, त्या पोरीने त्यानंतर चार महिने उंबरा ओलांडला नव्हता. ओटीत पडलेलं मी माझ्या हाताने जाळलं आणि पुन्हा तसं झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? इकडे बाग, तिकडे बाळ.

पोस्टाने उशीर होईल म्हणून हे बेबाबाईच्या भाच्यासोबत बसने पाठवते. रागवा, पण दूर लोटू नका.

आपली,
नूतन


धुळे,
२१ मार्च २०२५

चि. सौ. नूतनला,
आशीर्वाद.

भाच्याला दारात थांबवून लिहिते आहे. आधी कामाचं. हौदाचा कॉक बंद कर. मोटार सुरू करायची नाही, बाग सुकली तरी नाही. त्या पिलाला हात लावायचा नाही, उपटायचं नाही, आजूबाजूला बाभळीचे काटे टाक म्हणजे माणूस-कुत्रं फिरकणार नाही. हितेंद्रला आज सांग. चिडेल. चिडू दे, जेवणावरचा राग आहे त्याचा, दोन घास पोटात गेले की उतरतो.

आता तुझ्या भीतीचं. आयुष्यभर मी व्यासपीठावर उभी राहून असल्या समजुतींवर बोलत आले. तुझी समजूत मी एका भाषणात धुऊन काढू शकते. पण मला आता एवढं कळलं आहे, की भाषणाने भीती जात नाही, ती फक्त बोलायची थांबते. मग ती चोरून पाणी घालत राहते. तेव्हा मी तुला जाळ म्हणत नाही.

ओटीतलं टाकत नाहीत, जाळत नाहीत. पण एकीच्या ओटीतलं दुसरीच्या ओटीत घालता येतं की नाही? माझ्या घाल.

हे गेल्यापासून माझी ओटी कुणी भरलेली नाही. हळदीकुंकवाचं तबक माझ्यापाशी येतं आणि मला ओलांडून शेजारणीकडे जातं. तुझ्या हातातलंही गेलं आहे, नूतन. मी कधी बोलले नाही, कारण तू लहान होतीस आणि सगळ्याच तसं करत होत्या. रविवारी मी हिलालला घेऊन येते. त्या हौदाशी बसून पदर पसरते. तू माझ्या कपाळाला कुंकू लाव आणि ते पील माझ्या पदरात घाल. त्या क्षणापासून ते माझं. त्याचं काय करायचं ते मी बघेन, आणि त्यापायी जे काही लागायचं असेल ते मला लागेल. माझ्या घरात कुणी पोटुशी नाही. मी आहे आणि माझी पुस्तकं आहेत.

मलाही भीती वाटते. पण दोघी मिळून घाबरू.

तुझी,
कुंदाअक्का


खालचा मळा,
२ एप्रिल २०२५

ती. कुंदाअक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचं कळलं. तुमच्या कपाळाला कुंकू लावताना मला तुम्हाला ओलांडून नेलेली तबकं आठवली. ओटीत पील घेऊन तुम्ही जेव्हा त्याच्यावरून हात फिरवला आणि मग हिलालभाऊंना कात्री मागितली, तेव्हा मला वाटलं पील कापणार. तुम्ही स्वतःचा पदर कापलात. पदरासकट ते खड्ड्यात गेलं, जळलं, वर चुना गेला, तरी माझ्या डोळ्यांपुढून ती कात्री जात नाही. बुंधा मोडला तेव्हा आत दिसलं ते तुम्हीही पाहिलंत. तीच कडी. शेफालीकडची.

हे खड्ड्यापाशी रॉकेलचा डबा धरून उभे होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, की मला बाजारचं सांगितलंस तेव्हाच कळायला हवं होतं, असं देखणं बेणं आपल्या बाजारात मिळत नाही. हौद अजून बंद आहे. जवळच्या ओळी माना टाकू लागल्या आहेत. हिलालभाऊंनी नेलेल्या मातीचा अहवाल आलेला नाही. रोज सकाळी मी आधी पानांच्या कडा बघते, मग चहा ठेवते.

भाविकाने मावशी कुठे गेली विचारलं. मी खरं सांगितलं. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, आत्यासोबत गेली तर मग बरंच झालं. ती ठीक आहे. डॉक्टर म्हणाले बाळ चांगलं हलतं आहे.

पण अक्का, मी हे पत्र दुसऱ्याच कारणाने लिहिते आहे. पाडव्याला बेबाबाई आली नाही. काल ती तिच्या बांधावर उभी होती. मला म्हणाली, व माय, धूर रावेरपर्यंत दिसला असेल का. मग विचारलं, अक्का पुन्हा येणार आहेत का. आणि मग विचारलं, एका बाईची ओटी किती वेळा भरता येते. आणि पदर घट्ट धरून निघून गेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेफालीच्या अंगणात मी पहिली होते. माझ्यामागे पाचजणी ओळीने उभ्या होत्या, पिशवी उचलून मी पुढे चालले होते. मागे वळून मी पाहिलंच नाही.

विचारलं की सगळ्या खाली बघतात. त्यांना नवऱ्यांची भीती आहे, बाया एकदा बाहेर गेल्या आणि गाव बुडवून आल्या असं म्हणतील याची. माझी एक बाग होती, ती काटे टाकून बंद केली. पाच बागांना काटे कसे टाकू? लवकर लिहा. जीव थाऱ्यावर नाही.

आपली,
नूतन


धुळे,
४ एप्रिल २०२५

केळीच्या बागेत जन्म काढणाऱ्या माझ्या बायांनो,
आशीर्वाद.

नूतन हे उभं राहून वाचेल. दार लावून घ्या, पुरुषांना आत्ता बोलावू नका. त्यांच्याशी मी नंतर बोलेन.

तुमच्यात कुणाच्या ओटीत काय पडलं, ते मी विचारत नाही. कुणी सांगूही नका. तुम्ही चोरी केलेली नाही. एका बाईची बाग डोळ्यांदेखत मरत होती, तिने उरलंसुरलं हिरवं तुमच्या पदरात टाकलं आणि तुम्ही ते उराशी धरून समुद्र ओलांडून आणलं. ज्या माणसाला हे गुन्हा वाटेल त्याला केळीचं झाड कधी पोराप्रमाणे वाढवावं लागलेलं नाही.

पण बायांनो, शेफालीचं मागणं एवढंच होतं, की एक तरी जगावं. ते पील आपल्या मातीत राहिलं तर एकही जगणार नाही. तिचंही नाही, आपलंही नाही. तीन वर्षांनी आपल्या शिवारात वारा येईल आणि काहीच वाजणार नाही. तो मुकेपणा नूतनने ऐकला आहे, तिला विचारा.

तुम्हाला भीती आहे ती मला माहीत आहे. म्हणतील, बाया गेल्या आणि रोग घेऊन आल्या. म्हणतील, पुन्हा पाठवायच्या नाहीत. म्हणू देत. पुढच्या दौऱ्याचं भांडण मी भांडेन आणि जिंकेन, तेवढा आवाज माझ्यात शिल्लक आहे. पण त्या भांडणासाठी गाव शिल्लक पाहिजे. आज लाजेने गप्प बसलात तर पुढच्या वर्षी भांडायला पारही नसेल आणि बोलायला तोंडही नसेल. अहवालात काय येईल कुणास ठाऊक. नानांचा मळा गेलाच असेल तर गेला. तुमचे अजून गेलेले नाहीत.

आखाजीला लेक माहेरी येते, मीही येणार होते. आता आखाजीची वाट बघत नाही. सोमवारी सकाळच्या बसने येते. हिलाल सोबत आहे, चुना सोबत आहे, आणि कपाटातल्या सगळ्या जुन्या साड्या सोबत आहेत. बेबाबाई, एका बाईची ओटी किती वेळा भरता येते ते मला ठाऊक नाही. वीस वर्षांची राहिलेली आहे, तेव्हा बरीच जागा असेल.

त्या पिलाला उपटू नका. अंधार बघून नाल्यात टाकू नका. कुणालाही नाव सांगू नका. सोमवारी फक्त कुंकवाचा करंडा घेऊन आपापल्या बांधावर उभ्या राहा. जी उभी दिसेल तिच्या शेतात मी शिरेन, तिथेच मातीत बसेन आणि पदर पसरेन.

माझी ओटी भरा.

तुमची,
कुंदाअक्का